घोडागाडीच्या वाटेवर विजेची सायकल

विजेच्या सायकलीचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो वेगाचा. किती पळते? नॉर्वेत याचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलंय. ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटर मदत करत नाही. तिची अखंड ताकद २५० वॅटच्या वर नेता येत नाही आणि तुम्ही पेडल मारायचं थांबलात की तीही थांबते. म्हणजे पाय तुमचेच चालायला हवेत. मोटर फक्त त्यांच्या जोराला जोर लावते.

मग ही सायकल घ्यायची कशासाठी? मला विचाराल तर, हळू जाण्यासाठी. साध्या सायकलीवर डोंगर चढणाऱ्या माणसाला दरी दिसत नाही, हे मी आमच्या सह्याद्रीतल्या घाटांत अनुभवलंय. मान खाली, नजर पुढच्या चाकाच्या दोन हात पुढे आणि डोक्यात एकच विचार, वळण कधी संपणार. विजेच्या सायकलीवर मान वर राहते. चढावरसुद्धा बोलता येतं, मनात आलं की थांबता येतं आणि थांबल्यावर पुन्हा निघायची धास्ती वाटत नाही. हा फरक मोठा आहे. पश्चिम नॉर्वेच्या डोंगरात तर या एका फरकानं सगळा प्रवासच बदलतो.

आम्ही गेलो ती वाट रालारवेगन. ओस्लो ते बर्गन रेल्वेमार्गाच्या बाजूनं, हाउगास्टोल या स्टेशनापासून फिन्से, हालिंगशाइड, म्यूर्दाल अशी डोंगरमाथ्यावरून जात ती शेवटी फ्लोमला समुद्राच्या पातळीवर उतरते. सगळी मिळून साधारण ८२ किलोमीटर. सराईत सायकलवाले एका दिवसात संपवतात. आम्हाला तसं संपवायचं नव्हतं. बरोबर माझी थोरली बहीण होती. साठी कधीच उलटलेली, निवृत्तीपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलेली आणि कॉलेजच्या वयात पुण्यात पेठांतून सायकलनंच फिरलेली. गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे जिना चढतानाही कठड्याला धरते. तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की सायकल चालवा, फक्त गुडघ्यावर जोर देऊ नका. जोर न देता डोंगर कसा चढायचा, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

ही वाट सायकलींसाठी बांधलेली नाही. बर्गन ते व्होस ही गाडी १८८३ मध्ये सुरू झाली होती. तिथून पुढे डोंगर ओलांडून पूर्वेकडे रूळ न्यायचे, असं संसदेनं १८९४ मध्ये ठरवलं. पण ज्या माथ्यावर रूळ टाकायचे तिथे पायवाटेपलीकडे काही नव्हतं. लाकूड, लोखंड, सुरुंगाची दारू, पीठ, बटाटे, सगळं वर पोचवायला आधी रस्ता हवा. फ्योर्डमधून, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाडीतून, बोटींनी माल फ्लोमला यायचा आणि तिथून घोडागाड्यांनी वर. रूळ टाकणाऱ्या, बोगदे खोदणाऱ्या, एका कामावरून दुसऱ्या कामावर देशभर फिरणाऱ्या मजुरांना तिकडे रालार म्हणत. त्यांतले बरेच शेजारच्या स्वीडनमधून आलेले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याच हातांनी झालेला हा रस्ता. म्यूर्दालजवळचा ग्राव्हाल्सचा बोगदा एकटाच ५.३ किलोमीटर लांब आहे. तो कातळातून पार करायला दहाएक वर्षं लागली. २७ नोव्हेंबर १९०९ रोजी राजे सातवे हाकोन यांनी मार्गाचं उद्घाटन केलं. त्यानंतर घोडागाड्यांचं काम संपलं आणि रस्ता उरला तो रेल्वेच्या देखभालीपुरता. सायकलवाले तिथे येऊ लागले ते १९७० च्या दशकात.

हा इतिहास सांगण्यामागे कारण आहे. ओझ्यानं लादलेला घोडा जेवढा चढ चढेल तेवढाच चढ या रस्त्याला दिलाय. जिथे डोंगर ऐकत नाही तिथे रस्ता लांबून फिरतो, पाण्याच्या कडेकडेनं जातो. कडेचे चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध आजही उभे आहेत. बसून, सांधे बघून, दगडावर दगड ठेवलेले. सायकलीवरून सावकाश जाताना ते नीट पाहता येतात. एका ठिकाणी ताई उतरली आणि तिनं बांधातल्या दोन दगडांच्या फटीत बोट घालून पाहिलं. नखसुद्धा जेमतेम शिरलं. "शंभर वर्षं बर्फ फुगून दाबतोय यांना," ती म्हणाली, "आणि हललं नाही बघ काही." डोंगरात पाणी गोठताना फुगतं आणि कातळ फोडतं. ते निचरून जावं म्हणून रस्त्याखालून ठिकठिकाणी दगडी मोऱ्या काढल्या आहेत. त्यांतून अजूनही पाणी वाहतं.

हाउगास्टोलची उंची ९८८ मीटर, फिन्सेची १२२२. मधलं अंतर २७ किलोमीटर. चढ म्हणण्यासारखा चढ नाही, पण रस्ता खडीचा आहे आणि वारा बहुधा समोरून येतो. झाडं लवकरच मागे पडतात. आधी बुटक्या बर्चची झुडपं, मग तीही नाहीत. मोकळं माळरान, एकामागून एक तळी, दलदलीच्या कडेला पांढऱ्या कापसासारख्या बोंडांचं गवत. डाव्या हाताला दूर हार्दांगेरयोकुलेन ही हिमनदी पसरलेली असते. तिचा माथा १८६० मीटरच्या वर आहे. फिन्सेच्या दिशेनं उतरलेली तिची निळसर जीभ गेल्या शतकात बरीच मागे सरकली आहे आणि हवामान असंच तापत राहिलं तर हे शतक संपेपर्यंत ही हिमनदीच राहणार नाही, असा संशोधकांचा अंदाज आहे. फिन्सेच्या तळ्याकाठी उभं राहून हे आठवलं की बरं वाटत नाही. तिच्याच पाण्यानं ते तळं दुधी-हिरवं झालेलं असतं.

फिन्से हे नॉर्वेतलं सर्वांत उंचावरचं रेल्वेस्टेशन. तिथे मोटाररस्ता नाही. येतात ती माणसं रेल्वेनं, पायी, सायकलनं, नाहीतर बर्फात स्कीवरून. १९१४ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेचं सामान पारखून घ्यायला इथे आला होता. १९७९ मध्ये 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटातल्या बर्फाळ ग्रहाचं चित्रण इथलंच. आम्ही गेलो ते उन्हाळ्यात, तरी हवा दहा अंशांच्या आतबाहेर. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांनी पहिली गोष्ट केली ती सायकलीच्या बॅटऱ्या काढून आत नेण्याची. लिथियमची बॅटरी थंडीत आखडते, भरलेला चार्ज पुरता देत नाही. दाराशी ओल्या बुटांची रांग आणि भिंतीकडेला प्लगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग, असं ते दृश्य होतं.

जेवणाच्या टेबलावर गप्पा निघाल्या. शेजारी बसलेलं बर्गनचं जोडपं सत्तरीचं असावं. गेली काही वर्षं त्यांनी इथे येणं सोडलं होतं आणि विजेच्या सायकलीमुळे पुन्हा सुरू केलं होतं. फसवणूक केल्यासारखं वाटत नाही का, असं मी विचारलं, कारण सायकलवाल्यांत हा आरोप जगभर ऐकू येतो. बाईंनी सरळ सांगितलं, की घरी बसून खिडकीतून डोंगर पाहणं ही फसवणूक झाली असती. मला ते शंभर टक्के पटलं. नॉर्वेतच यावर अभ्यासही झालेत. क्रिस्तियानसानच्या आगडर विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं की विजेच्या सायकलीवरही शरीराला मध्यम ते चांगला व्यायाम घडतो. आणि ओस्लोच्या वाहतूक-अर्थशास्त्र संस्थेला आढळलं की अशी सायकल हाती आलेली माणसं एरवीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त लांब सायकल चालवतात. श्रम थोडे कमी, पण माणूस बाहेर पडतो. पन्नाशीनंतर एवढं पुरतं.

या देशाला संथपणाची आवडही आहे. बर्गन रेल्वेला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, २७ नोव्हेंबर २००९ रोजी, एनआरके या सरकारी वाहिनीनं बर्गन ते ओस्लो हा अख्खा रेल्वेप्रवास जसाच्या तसा दाखवला, सात तासांहून जास्त. इंजिनाच्या पुढून दिसणारे रूळ, बोगदे, बर्फ, स्टेशनं. त्या वेळी पन्नास लाखांहूनही कमी वस्तीच्या देशात सुमारे बारा लाख लोकांनी तो निदान काही वेळ तरी पाहिला. पुढे किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीचा प्रवास पाचएक दिवस अखंड दाखवला गेला. आपल्या डोंगराकडे इतका वेळ लावून पाहणारी ही माणसं आहेत.

फिन्सेनंतर रस्ता आणखी चढतो आणि फागरवात्न तळ्यापाशी १३४३ मीटरवर आपला माथा गाठतो. जुलैच्या मध्याआधी इथून सहसा सायकल जात नाही. काही वर्षी तर ऑगस्टातही बर्फाचे पट्टे आडवे पडलेले असतात. आम्हालाही लागले. मळकट, वरून भुसभुशीत, आत दगडासारखे. आणि इथेच विजेच्या सायकलीचा दोष कळतो, वजन. पंचवीसेक किलोची सायकल, वर सामानाच्या पिशव्या. पायी चालताना सायकल हळूहळू पुढे सरकवणारं एक बटन असतं, पण ओल्या बर्फात चाक जागीच फिरतं. शेवटी आम्ही दोघींनी मिळून एक सायकल पलीकडे नेली, मग परत येऊन दुसरी. मागून येणारा एक तरुण न विचारताच मधे येऊन कॅरिअरला हात लावून गेला.

माथ्याजवळ फागरनूत इथे रूळ राखणाऱ्या कामगाराचं जुनं घर आहे. पूर्वी गाडी इथून उघड्यावरून जायची. हिवाळ्यात वादळानं रूळ बुजायचे आणि ते मोकळे ठेवायला माणसं कुटुंबासह इथे राहायची. १९९० च्या दशकात फिन्सेपासून दहा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि गाडी डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. आता वर उरलेत ते जुन्या मार्गाचे भराव आणि बर्फ अडवायला उभारलेल्या लाकडी आडोशांचे अवशेष.

या प्रदेशात कुठेही जायला परवानगी लागत नाही. १९५७ च्या कायद्यानं जुनी रीतच लेखी झाली. लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, मग ती कुणाच्याही मालकीची असो, कुणीही चालावं, घरापासून १५० मीटर दूर तंबू ठोकावा. त्या बदल्यात कचरा टाकायचा नाही, गुरांना त्रास द्यायचा नाही, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्यायचं. विजेच्या सायकलीला या मोकळ्या जमिनीत शिरायला मात्र वेळ लागला, कारण कायद्याच्या दृष्टीनं ते मोटर असलेलं वाहन होतं. पुढे नियम बदलले आणि तिला साध्या सायकलीच्या पंगतीत बसवलं. नाजूक जागी बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक नगरपालिकांकडे ठेवला. संरक्षित क्षेत्रांत नियम अजून कडक आहेत आणि ते तसेच असावेत असं मला वाटतं. विजेमुळे ज्या जागी पूर्वी थोडे पोचत तिथे पुष्कळ पोचतील. ओल्या दलदलीवर उमटलेली चाकोरी भरून यायला कितीतरी उन्हाळे जातात. रालारवेगनवर ही काळजी कमी, कारण तो बांधलेला रस्ता आहे.

हालिंगशाइडचं स्टेशन बर्फापासून रक्षण करणाऱ्या लांबलचक शेडच्या आतच आहे. जवळ नॉर्वेच्या गिरिभ्रमण संघटनेची झोपडी आहे. १८६८ पासूनची ही संघटना, देशभर तिच्या शेकडो झोपड्या. इथल्या झोपडीत व्यवस्थापक नसतो. सभासदाकडे किल्ली असते. आत सरपण, गाद्या, डबाबंद जेवण. खाल्लं ते लिहायचं, राहिलात ते लिहायचं, पैसे भरायचे आणि निघताना भांडी घासून, झाडून जायचं. ताईनं फडताळ उघडून मटाराचे डबे, बिस्किटं, कॉफी, सगळं निरखून पाहिलं आणि वहीतल्या नोंदीही वाचल्या. पुढच्यासाठी चुलीजवळ लाकडं फोडून ठेवायची, असाही रिवाज आहे. ती ठेवलेली होती.

तिथून म्यूर्दालपर्यंतचा तुकडा मला सगळ्यांत आवडला. रस्ता झपाट्यानं खाली जातो, नदी बाजूला येते आणि क्लेवागेल या घळईत डोंगर दोन्हीकडून चिकटतात. अरुंद रस्ता, एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला फेसाळ पाणी, मधे दगडी पूल. इथे उतरून चालावं हेच शहाणपण. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत वादळात अठरा जण गेले, त्यानंतर ते देशभर घरोघरी पोचवले गेले. एका प्रसिद्ध चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूलाही ते छापलेले असतात. त्यांतला एक सांगतो की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. घळईच्या तोंडाशी सायकलवरून उतरणाऱ्यांकडे तिथे कुणी वळूनही पाहिलं नाही.

म्यूर्दाल ८६७ मीटरवर. इथून फ्लोमचं खोरं एकदम कोसळतं. रस्ता २१ वळणं घेत उतरतो आणि भाड्यानं सायकली देणारे आधीच बजावतात, की ही वळणं सायकल हातात धरून उतरा. मोटर चढावर मदत करते, उतारावर सगळा भार ब्रेकवर. जड सायकल सैल खडीवर आवरत नाही. आम्ही चालत उतरलो. वळणावळणाला शेळ्या रस्त्यातच बसलेल्या. उठायचं त्यांच्या मनात नव्हतं.

फ्लोमची रेल्वे याच उतारावरून जाते, २० किलोमीटरांत ८६३ मीटर. बोरघाटात रेल्वेचा तीव्र चढ ३७ ला १ आहे, इथे १८ ला १. काम १९२० च्या दशकात सुरू झालं, गाडी धावली १९४० मध्ये, विजेवर आली १९४४ मध्ये. वाटेतल्या श्योसफोसन धबधब्यावर वीजघर बांधलं ते या गाडीसाठीच.

धबधब्यासमोर बसून ताईनं हिशोब मांडला. कागदाच्या रुमालावर, पेन घट्ट धरून, वर्गात फळ्यावर मांडायची तसाच. "हे बघ. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते म्यूर्दालपासून फ्लोमपर्यंत खाली आलं तर साधारण साडेआठ हजार जूल. आपली बॅटरी पाचशे वॅट-तासांची, म्हणजे अठरा लाख जूल. चक्की आणि जनित्रात दहा टक्के गेले असं धर." मग खाली रेघ मारून आकडा लिहिला, २४० लिटर. "एक पिंप आणि वर दोन बादल्या. एवढ्या पाण्यात बॅटरी भरली!" मग उलटा हिशोब. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो, फ्लोमहून म्यूर्दालपर्यंत वर न्यायचं तर, घर्षण आणि मोटरमधली गळती सोडली, निम्म्याहून थोडी कमी बॅटरी लागेल, तीही पायांनी काहीच केलं नाही तर. समोर दर सेकंदाला कितीतरी पिंपं ओतली जात होती. नॉर्वेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज अशीच पडत्या पाण्याची. फिन्सेला भिंतीकडेला लावलेल्या बॅटऱ्यांत शिरत होतं ते याच डोंगरांवरचं वितळलेलं बर्फ. विजेच्या सायकलीसाठी याहून योग्य देश मला माहीत नाही.

वळणं संपली की खोरं हिरवं होतं. रस्त्याच्या कडेनं उंच गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे. रेल्वेच्या खोदकामानं उघड्या पडलेल्या जमिनीवर हे झाड सगळ्यात आधी पसरलं, म्हणून लोक त्याला त्या रालार मजुरांचंच नाव देतात. कोरदालमध्ये शेळ्या पाळून चीज बनवणारी उन्हाळी वाडी आहे. आम्ही पोचलो तोवर विक्री बंद झाली होती. पुढे गवताची कुरणं, लाल रंगाची गोदामं, कड्यावरून थेट उतरणारे धबधबे आणि १६७० सालचं लहानसं लाकडी चर्च. मग एकदम फ्लोम. अवाढव्य पर्यटक-जहाज, दुकानं, तिकिटांच्या रांगा. जहाजांतून उतरणारे बहुतेक लोक गाडीनं म्यूर्दालपर्यंत जातात आणि परत येतात. चर्चपर्यंतसुद्धा फार थोडे चालत जातात, याचं वाईट वाटतं, कारण ते अंतर म्हाताऱ्या माणसालाही जड नाही.

वरून भाड्यानं आणलेल्या सायकली परत करायच्या होत्या. त्या गाडीनं पुन्हा वर जातात. ताईनं मात्र गावातच दुसऱ्या दोन सायकली सांगून ठेवल्या.

"उद्या वर जाऊ," ती म्हणाली.

"अगं, आत्ताच तर उतरलो."

"उतरलो. चढलो कुठे? आणि ते चीज राहिलंय."

सकाळी निघालो. नदीच्या कडेनं, शेतांमधून, हलक्या चढावर मोटर सगळ्यात कमी जोरावर ठेवून. ताई पुढे होती आणि पुण्यातल्या जुन्या मैत्रिणींच्या गोष्टी मोठ्यानं सांगत होती. एवढ्या चढावर तिला बोलायला दम होता, याचाच मला जास्त आनंद झाला. कोरदालला पोचेतो दोनदा थांबलो, दोन्ही वेळा धबधबा पाहायला. वाडी उघडी होती. तपकिरी चीजची एक वडी आणि पांढऱ्याची एक घेतली. सायकलीवरच्या छोट्या पडद्यावर निम्म्याहून जास्त बॅटरी दिसत होती, तेव्हा वळणं जिथे सुरू होतात तिथपर्यंत आणखी वर गेलो.